डार्विनचा कलकत्त्यातला माहीतगार

हिवाळा लागला की महाराष्ट्रातल्या बागांमध्ये, बांधावरच्या झुडपांमध्ये आणि आमराईत एक लहानसा तपकिरी पक्षी येऊन राहतो. अंगावर पट्टा नाही, ठिपका नाही, डोक्यावर तुरा नाही. तो सहसा दिसत नाही. झुडपाच्या आतून ‘चक्‌, चक्‌’ असा कोरडा आवाज मात्र येत राहतो. उत्तर युरोप ते सायबेरिया या पट्ट्यात घरटी करणारा हा पाहुणा थंडी भारतात काढतो. वटवट्यांच्या कुळातल्या या पक्ष्याला पक्षीनिरीक्षक ‘ब्लाइथचा वटवट्या’ म्हणतात. १८४९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन करणाऱ्या माणसाचे नाव होते एडवर्ड ब्लाइथ.

पक्षीनिरीक्षकांच्या बाहेर हे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यातल्या अनेकांनी ते एका वादामुळे ऐकलेले असते: ‘डार्विनच्या आधी नैसर्गिक निवडीचा विचार मांडणारा माणूस’. हा वाद रंजक आहे, आणि त्याकडे आपण वळणारच आहोत. पण त्या वादात ब्लाइथचे खरे काम झाकले गेले. कलकत्त्याच्या एका संग्रहालयात तुटपुंज्या पगारावर त्याने एकवीस वर्षे काढली. मेलेल्या प्राण्यांची कातडी तपासणे, त्यांना नावे देणे आणि ती जपणे हे त्याचे काम. या कामाची किंमत त्याच्या मालकांना कळली नाही. डार्विनला मात्र ती पुरेपूर कळली होती.

औषधांचे दुकान आणि पक्ष्यांचे वेड

एडवर्ड ब्लाइथचा जन्म २३ डिसेंबर १८१० रोजी लंडनमध्ये झाला. वडील कापडाच्या धंद्यात होते. एडवर्ड दहा वर्षांचा असताना ते वारले. मुलगा हुशार होता, वाचनाचा नाद होता, पण शाळेच्या वेळात तो रानात सापडायचा. पुढे त्याला रसायनशास्त्र शिकायला पाठवले. त्यात त्याचे मन रमले नाही. मग लंडनजवळच्या टूटिंग गावात त्याने औषधांचे दुकान घातले. दुकानदाराचे चित्त पक्ष्यांत आणि पुस्तकांत असेल तर धंद्याचे जे व्हायचे तेच झाले. दुकान बसले.

मात्र याच काळात त्याचे लेख निसर्ग-अभ्यासकांच्या नियतकालिकांत येऊ लागले होते. १८३६ मध्ये त्याने गिल्बर्ट व्हाइटच्या सेलबोर्न गावाच्या निसर्गवर्णनाची एक आवृत्ती संपादित केली. १८४० मध्ये क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथाची इंग्रजी आवृत्ती निघाली, तेव्हा सस्तन प्राणी, पक्षी आणि सरपटणारे प्राणी हे भाग ब्लाइथने सांभाळले. त्याचे नाव होत होते, पण पोट भरत नव्हते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये निसर्गाचा अभ्यास हा प्रामुख्याने पैसेवाल्यांचा छंद होता. चार्ल्स डार्विनला नोकरी करावी लागली नाही. ब्लाइथपुढे नोकरीवाचून दुसरा मार्ग नव्हता.

अशा वेळी कलकत्त्याहून जागा आली. विल्यम जोन्सने १७८४ मध्ये स्थापन केलेल्या एशियाटिक सोसायटीचे तिथे संग्रहालय होते. नॅथॅनिएल वॉलिक या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने ते १८१४ मध्ये सुरू झाले होते. त्याला पूर्णवेळ अभिरक्षक, म्हणजे संग्रह सांभाळणारा जाणकार, हवा होता. पगार वर्षाला ३०० पौंड, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने महिन्याला सुमारे २५० रुपये. एवढ्या पगारात कुणी युरोपीय माणूस येईल अशी सोसायटीलाही फारशी आशा नव्हती. ब्लाइथ तयार झाला. प्रवासखर्चासाठी त्याला १०० पौंडांची उचल घ्यावी लागली. १८४१ च्या सप्टेंबरमध्ये तो कलकत्त्यात उतरला.

कातडी, कसर आणि चिठ्ठी

संग्रहालयातला प्राणिशास्त्रज्ञ नेमके काय करतो? काचेच्या कपाटात पेंढा भरून उभा केलेला वाघ हा त्या कामाचा अगदी छोटा भाग आहे. खरा संग्रह खणांमध्ये असतो, आणि तो लोकांना दाखवण्यासाठी नसतोच.

मारून आणलेल्या पक्ष्याच्या पोटावर चीर देऊन कातडी पिसांसकट अलगद सोलून काढतात. आतले मांस आणि चरबी साफ करतात. कातडीच्या आतल्या बाजूला त्या काळी सोमल घातलेला साबण चोळत. सोमल म्हणजे आर्सेनिक. किडे मारणारे विष. मग कापूस भरून शिवण घालतात. पाय एकत्र बांधतात आणि त्या पायांना एक चिठ्ठी अडकवतात. त्या विषापायी आजही जुन्या संग्रहांतले नमुने हाताळताना अभ्यासक हातमोजे घालतात. ब्लाइथच्या काळी अशी खबरदारी कोण घेणार?

कलकत्त्याच्या दमट हवेत हे काम म्हणजे रोजची लढाई होती. पावसाळ्यात बुरशी, एरवी कसर आणि मुंग्या. चार महिने दुर्लक्ष झाले की खणात पिसांचा चुरा उरे. ब्लाइथ आला तेव्हा संग्रह लहान होता आणि त्याची आबाळ झालेली होती.

पण त्या साऱ्या खटाटोपात सर्वांत मोलाची गोष्ट कातडी नव्हे, तर पायाला बांधलेली चिठ्ठी. नमुना कुठे मिळाला, कोणत्या दिवशी, नर की मादी, कोणी आणला. चिठ्ठी हरवली तर उरतो तो पिसांचा एक बोळा. चिठ्ठी असेल तर तोच बोळा पुरावा ठरतो.

नवी जात जाहीर करताना ज्या नमुन्यावरून वर्णन केले, तो जपून ठेवावा लागतो. त्याला प्रमाण नमुना म्हणता येईल. पूर्वी सराफाकडे वजनमापांचा खात्रीचा संच असे, आणि शंका आली की त्याच्याशी ताडून पाहत, तसेच हे. पुढे शंभर वर्षांनी कुणाला वाटले की आपल्या हातातला प्राणी वेगळा आहे, तर तो या नमुन्याशी ताडून पाहावा लागतो. शास्त्रीय नावानंतर जे आडनाव आणि साल लिहिलेले असते, ते याच कामाची पावती असते. भारतीय पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या याद्या चाळल्या तर ‘ब्लाइथ’ हे आडनाव पुन:पुन्हा भेटते. आपल्याकडच्या गुहांत राहणारे, नाकावर घोड्याच्या नालेसारखी कातडीची घडी असलेले एक लहान वटवाघूळ त्याने १८४४ मध्ये नोंदवले. पामीरच्या पठारावरच्या, मार्को पोलोच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, प्रचंड शिंगांच्या रानमेंढ्याचे शास्त्रीय नावही त्यानेच १८४१ मध्ये ठेवले.

ब्लाइथला स्वतःला रानात फिरण्याची संधी फारशी मिळाली नाही. लष्करातले अधिकारी, डॉक्टर आणि मुलकी नोकर देशभरातून त्याच्याकडे पेट्या पाठवत. मद्रासकडचा डॉक्टर थॉमस जेर्डन, सैन्यातला सॅम्युएल टिकेल, नंतरच्या काळात चीनमधून रॉबर्ट स्विनहो, आणि पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. पेटी उघडायची, नमुने ताडायचे, ओळखीचा कोणता आणि नवा कोणता ते ठरवायचे आणि सोसायटीच्या नियतकालिकात अहवाल लिहायचा. शिकारी आणि हौशी संग्राहक यांच्या विखुरलेल्या माहितीला त्याने एका जागी आणून शास्त्राचे रूप दिले. भारतातल्या पक्ष्यांचा अभ्यास ज्या पायावर उभा आहे, त्यातले बरेच दगड असे कलकत्त्याच्या एका खोलीत घडवले गेले.

महिन्याला अडीचशे रुपये

हे सारे करताना ब्लाइथचा पगार वीस वर्षे तेवढाच राहिला. घरभाड्यापोटी महिना चार पौंड मिळत. पैशाची ओढाताण कायमची. तो टोपणनावाने शिकारविषयक नियतकालिकांत लिही. भारतातून इंग्लंडला आणि तिकडून इकडे जिवंत प्राणी पाठवण्याचा व्यापार करावा असा घाटही त्याने घातला. त्यात सामील व्हावे म्हणून त्याने डार्विनला आणि पक्षीचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या जॉन गुल्डला विचारले. दोघांनीही नकार दिला.

सोसायटीत त्याच्याविषयी कुरबुरी होत्याच. संस्थेतल्या अनेकांना भाषा, हस्तलिखिते, नाणी, शिलालेख यांत रस होता. मेलेल्या पक्ष्यांवर होणारा खर्च त्यांच्या डोळ्यांत खुपे. तक्रारीत तथ्य अजिबात नव्हते असेही नाही. ब्लाइथचा जीव पक्ष्यांत गुंतलेला असे आणि संग्रहालयाच्या बाकीच्या भागांकडे त्याचे दुर्लक्ष होई. संग्रहाची सूची अजून का झाली नाही, म्हणून १८४७ मध्ये त्याला जाब विचारला गेला. पुढच्या वर्षी त्याने लंडनच्या रिचर्ड ओवेन या नामवंत शास्त्रज्ञाला पत्र लिहून आपल्या विरोधकांबद्दल गाऱ्हाणे मांडले. शेवटी १८४९ मध्ये पक्ष्यांची सूची छापून झाली. सस्तन प्राण्यांची सूची निघायला १८६३ साल उजाडले. तोवर त्याने कलकत्ता सोडले होते.

१८५४ मध्ये त्याने लग्न केले. संसार जेमतेम तीन वर्षांचा ठरला. १८५७ च्या डिसेंबरमध्ये पत्नीचे निधन झाले. ते साल उत्तर भारतातल्या उठावाचे. कलकत्त्यातले इंग्रजी जग हादरलेले होते. ब्लाइथचे घरचे जगही त्याच वर्षी कोसळले. त्यानंतर त्याची प्रकृती सावरली नाही.

डार्विनची पत्रे

लग्नानंतरच्या आणि पत्नीच्या मृत्यूपूर्वीच्या या मोजक्या बऱ्या वर्षांतच ब्लाइथच्या हातून जगाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम झाले. ते पत्रांमधून झाले.

डार्विन तेव्हा इंग्लंडमधल्या डाऊन या खेड्यात बसून आपल्या सिद्धांतासाठी पुरावे गोळा करत होता. माणसाने पाळलेल्या प्राण्यांत इतके प्रकार कसे निर्माण झाले, हा त्याचा कळीचा प्रश्न होता. माणूस निवड करून कबुतराचे रूप पालटू शकतो, तर निसर्ग काय करू शकणार नाही? पण त्यासाठी पाळीव प्राण्यांचे रानटी पूर्वज कोण, हे आधी ठरायला हवे होते. त्यांपैकी बरेचसे आशियातले. आशियातल्या प्राण्यांची इतकी खात्रीची माहिती असलेला माणूस कलकत्त्यात होता.

१८५५ आणि १८५६ मध्ये ब्लाइथने डार्विनला लांबलचक पत्रे आणि टिपणे पाठवली. गुरे, कबुतरे, कोंबड्या, मांजरे. कुठल्या भागात कोणता प्रकार, कुणाचा संकर कुणाशी होतो, कुणाची पिल्ले पुढे वाढतात. ही पत्रे आजही जपून ठेवलेली आहेत.

त्यातला आपल्या ओळखीचा विषय वशिंडाच्या गुरांचा. आपली खिल्लार किंवा गीर आणि विलायती गाय या एकाच मूळ प्राण्याच्या दोन शाखा की दोन वेगळे प्राणी? ब्लाइथचे मत होते की त्यांचे मूळ वेगळे असावे. वशिंड हे एक कारण झालेच, पण त्याने प्राण्याच्या सवयीही पाहिल्या होत्या. आपली गुरे उन्हात सावलीसाठी धडपडत नाहीत, विलायती गुरांसारखी गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहत नाहीत, त्यांचा आवाजही निराळा असतो. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात ब्लाइथचे नाव घेऊन ही माहिती दिली आणि भारतीय गुरांचे मूळ युरोपीय गुरांहून वेगळे असावे, असे मत नोंदवले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस गुरांच्या डीएनएचा अभ्यास झाला, तेव्हा हेच दिसले. या दोन गटांचे रानटी पूर्वज माणसाने गुरे पाळायला लागण्याच्या लाखो वर्षे आधीच वेगळे झाले होते. विलायती गुरे पश्चिम आशियात माणसाळली, वशिंडाची गुरे सिंधूच्या परिसरात. सूक्ष्मदर्शकातून जे दिसणे शक्य नव्हते, ते ब्लाइथने गुरांचे हंबरणे ऐकून आणि त्यांच्या सवयी पाहून ताडले होते.

कोंबड्यांच्या बाबतीतही असेच. घरच्या साऱ्या कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून आल्या, हे ब्लाइथचे मत डार्विनने स्वीकारले. हे मत देताना, ब्लाइथच्या ज्ञानाचा आवाका पाहता आपण त्याच्या मताला जवळजवळ इतर सर्वांपेक्षा अधिक मान देतो, अशा अर्थाचे वाक्य त्याने लिहून ठेवले आहे. इथे मात्र पुढच्या संशोधनाने एक दुरुस्ती सुचवली. तांबडा रानकोंबडा हाच मुख्य पूर्वज, हे खरे ठरले. पण अनेक पाळीव कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो, ते जनुक करड्या रानकोंबड्याकडून आलेले आहे, असे २००८ मध्ये दिसून आले. करडा रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीत पहाटे आरवणारा तोच.

आणखी एका पत्रामुळे ब्लाइथ विज्ञानाच्या इतिहासात आला. १८५५ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस या तरुण संग्राहकाने बोर्निओतील सारावाकहून एक लेख पाठवला होता. नवी जात नेहमी तिच्याशी साम्य असलेल्या जुन्या जातीच्या जवळच, त्याच प्रदेशात आणि काळात उगवते, असा त्याचा मुद्दा. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये ब्लाइथने डार्विनला लिहून या लेखाकडे लक्ष वेधले आणि तो आपल्याला एकंदरीत चांगला वाटल्याचे कळवले. डार्विनला तेव्हा त्यात फारसे नवे वाटले नाही. अडीच वर्षांनी, १८५८ च्या जूनमध्ये, याच वॉलेसचा नैसर्गिक निवडीवरचा निबंध डार्विनच्या हाती पडला आणि त्याला घाईने आपले काम जाहीर करावे लागले. कलकत्त्याहून इशारा आधीच येऊन गेला होता.

कल्पना कोणाची?

आता त्या वादाकडे. १८३५ मध्ये, वयाच्या पंचविशीत पाऊल टाकताना, ब्लाइथने प्राण्यांमधील प्रकारभेदांवर एक लेख लिहिला होता. १८३७ मध्ये त्याच विषयावर पुढे लिहिले. त्यात त्याचा एक मुद्दा असा आहे: जे प्राणी ताकदीने किंवा चपळाईने अन्न मिळवतात, त्यांच्यात सर्वांत सुदृढ प्राण्याला अन्न जास्त मिळते, तो प्रतिस्पर्ध्यांना हटवतो आणि त्याचे गुण अधिक पिल्लांत उतरतात. आजूबाजूच्या रंगात मिसळून न जाणारा प्राणी शिकाऱ्याच्या नजरेस आधी पडतो, हेही त्याने लिहिले. वाचताना डार्विनचीच आठवण होते. डार्विनने हे नियतकालिक वाचलेले होते, यात शंका नाही.

१९५९ मध्ये लॉरेन आयझली या अमेरिकी अभ्यासकाने यावरून असा आरोप केला की डार्विनने मूळ कल्पना ब्लाइथकडून उचलली आणि श्रेय दिले नाही. डार्विनच्या टिपणवहीत आलेला एक विरळा इंग्रजी शब्द ब्लाइथच्या लेखातही आहे, हा त्याचा एक पुरावा. इतर इतिहासकारांनी तपासून पाहिले, तेव्हा तो शब्द त्या काळच्या निसर्ग-अभ्यासकांत सर्रास वापरात असल्याचे आढळले. पुढे बहुतेक इतिहासकारांनी हा आरोप नाकारला.

पण खरा फरक शब्दांत नव्हताच, तर दोघांनी काढलेल्या निष्कर्षांत होता. आपल्याकडचे एक उदाहरण घेऊ. बियाण्याचा प्लॉट घेणारा शेतकरी पिकात फिरून भेसळ काढतो. वेगळ्या उंचीचे, वेगळ्या रंगाचे रोप दिसले की उपटून टाकतो, म्हणजे वाण शुद्ध राहते. ब्लाइथच्या मते निसर्ग हेच करतो. कमजोर आणि वेगळे ते गळून पडते, आणि जात जशी घडवली गेली तशीच राहते. निवड होते, पण ती बदल रोखण्यासाठी. जाती बदलू शकतील का, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारलाही, आणि नकारार्थी उत्तर दिले.

आता दुसरा शेतकरी आठवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या उपटून फेकल्या नाहीत. वेगळे ठेवून, वर्षानुवर्षे पेरून त्यांतून नवे वाण केले. तोच एचएमटी तांदूळ. डार्विनने निसर्गाला या दुसऱ्या शेतकऱ्याच्या जागी पाहिले. परिस्थिती बदलली की कालचे वेगळेपण आज उपयोगी ठरते, साठत जाते आणि लाखो वर्षांत नवी जात उभी राहते. निवड दोघांनाही दिसली होती. ती कुठवर नेऊ शकते, हे डार्विनला दिसले.

ब्लाइथने स्वतः कधी कल्पना चोरल्याची तक्रार केल्याचा पुरावा नाही. डार्विनशी त्याचे संबंध शेवटपर्यंत चांगले राहिले. १८६८ मध्ये तो वॉलेसबरोबर डाऊनला डार्विनच्या घरी जाऊन आला. त्याच वर्षी निघालेल्या, पाळीव प्राणी आणि वनस्पतींवरच्या डार्विनच्या दोन खंडांत ब्लाइथचे नाव पुन:पुन्हा येते.

शहाद्याचा रानपिंगळा

कल्पनेचे श्रेय हा विषय लोकांना आवडतो, कारण त्यात नाट्य असते. कातडीच्या पायाला चिठ्ठी बांधण्यात नाट्य नाही. तरी त्या चिठ्ठीवर किती काही अवलंबून असते, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे.

रानपिंगळा हे छोटे घुबड ह्यूमने १८७३ मध्ये शास्त्रीय जगाला कळवले. १८८० च्या दशकात खानदेशात नोकरीस असलेल्या जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने त्याचे काही नमुने मिळवले. १८८४ नंतर पक्षी दिसेनासा झाला. पुढे रिचर्ड माइनर्ट्‌झहॅगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने, आपल्याला तो १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचा नमुना दाखवला. लोक तिकडे शोधत राहिले. पक्षी काही सापडेना.

पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीतज्ज्ञ महिलेने १९९० च्या दशकात संग्रहालयांतले मोजके नमुने एकेक करून तपासले. माइनर्ट्‌झहॅगनचा नमुना चोरीचा निघाला. डेव्हिडसनचा जुना नमुना ब्रिटिश संग्रहालयातून पळवून, शिवण उसवून, पुन्हा भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. खोटे ठिकाण बाजूला सारून रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धुंडाळल्या. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा भर दिवसा झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. त्यानंतर मेळघाटासह इतर ठिकाणीही तो आढळला आणि त्याच्या संरक्षणाचा विचार सुरू झाला.

खोट्या चिठ्ठीने एका पक्ष्याला जवळजवळ विस्मृतीत ढकलले होते, आणि खऱ्या चिठ्ठ्यांनी त्याला परत आणले. ब्लाइथसारख्यांनी आयुष्यभर जे केले, त्याचा उपयोग असा शंभर वर्षांनी, त्यांना स्वप्नातही न सुचलेल्या कामी होतो. आज जुन्या नमुन्यांच्या पिसांतून आणि कातडीतून डीएनए काढता येतो. पूर्वी एखादा पक्षी कुठवर आढळत होता, हे त्यांवरून ठरवता येते. कातडी सोलणाऱ्याला डीएनए हा शब्दही माहीत नव्हता. त्याने फक्त ठिकाण आणि तारीख नीट लिहिली होती.

हिशेब

प्रकृती ढासळल्यामुळे ब्लाइथने १८६२ मध्ये कलकत्ता कायमचे सोडले. एकवीस वर्षांच्या नोकरीनंतर त्याच्याजवळ काही शिल्लक नव्हते. तो सरकारी नोकर नसल्याने त्याला निवृत्तिवेतन द्यायचे की नाही, यावर बराच खल झाला. अखेर मित्रांनी आणि सोसायटीने धरलेल्या आग्रहामुळे वर्षाला १५० पौंड मंजूर झाले. इंग्लंडमध्ये तो लिहीत राहिला. २७ डिसेंबर १८७३ रोजी, त्रेसष्टावा वाढदिवस होऊन चारच दिवस झाले असताना, लंडनमध्ये तो वारला. ब्रह्मदेशातले सस्तन प्राणी आणि पक्षी यांची त्याची यादी १८७५ मध्ये, तर क्रौंच पक्ष्यांवरचे पुस्तक १८८१ मध्ये, त्याच्या पश्चात छापले गेले.

सोसायटीच्या ज्या संग्रहावरून त्याला बोल लावले गेले, तोच संग्रह १८६६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या इंडियन म्युझियमचा पाया ठरला. १८७८ मध्ये चौरंगीवरची त्याची भव्य इमारत लोकांसाठी खुली झाली. तोवर ब्लाइथला जाऊन चार वर्षे उलटून गेली होती.

संग्रहालये, वनस्पतिसंग्रह, बियाणे पेढ्या, हवामानाच्या जुन्या नोंदवह्या यांवर खर्च करायची वेळ आली की आजही तोच प्रश्न विचारला जातो: याचा उपयोग काय? प्रश्न चुकीचा नाही. फक्त त्याचे उत्तर विचारणाऱ्याच्या कारकिर्दीत मिळेलच असे नसते. ब्लाइथने गुरांबद्दल जे सांगितले, ते डीएनएने तपासून पाहायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. तोवर कुणीतरी खण उघडून कसर झटकत राहावी लागते, आणि चिठ्ठीवरची शाई पुसट होऊ लागली तर ती वाचून पुन्हा नीट लिहून ठेवावी लागते.